नाव आणि माल

आठवड्याच्या बाजारात माठ घेताना आपण काय करतो? आधी उचलून बघतो, मग बोटाने टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घरी आणतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो. कुंभाराचे नाव विचारण्याची गरजच पडत नाही. माठ आपली साक्ष आपणच देतो.

पण प्रत्येक वस्तूला अशी टिचकी मारता येत नाही. बियाण्याची पिशवी हातात घेऊन दाणा उगवेल की नाही हे दुकानात कळत नाही. पाण्याची मोटर किती उन्हाळे टिकेल, हे ती खोलून पाहिली तरी तुम्हांआम्हांला सांगता यायचे नाही. अशा वेळी आपण वस्तू पाहून घेत नाही, नाव पाहून घेतो. "मागल्या खेपेस याच छापाची घेतली होती, चांगली निघाली", एवढ्या भांडवलावर आपण पैसे मोजतो. हा नावावरचा भरवसा कसा तयार होतो, कसा मोडतो आणि मोडल्यावर पुन्हा सांधता येतो का, हे आज एका उदाहरणावरून पाहायचे आहे. उदाहरण आहे अमेरिकेतल्या विजेच्या गिटारीचे. तुम्ही म्हणाल, कुठे आमचा गाव आणि कुठे ती गिटार! पण असं बघा, ही गिटार करणारा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा होता, आणि पुढे त्याचा कारखाना विकत घेतला तोही रेडिओच्याच एका कंपनीने. तेव्हा रेडिओच्या श्रोत्यांना ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये.

कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाचे गाव आहे. तिथे लिओ फेंडर या गृहस्थाने १९३८ साली रेडिओ-दुरुस्तीचे दुकान काढले. वादक मंडळी आपले ध्वनिवर्धक घेऊन त्याच्याकडे येत. त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता हा माणूस वाद्यांकडे वळला, आणि १९४६ साली त्याने स्वतःची वाद्यांची कंपनी काढली. गंमत अशी की, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! म्हणूनच असेल, तो वादकांचे म्हणणे कान देऊन ऐके. नवा नमुना तयार झाला की तो गावातल्या वादकांच्या हाती द्यायचा आणि काय खुपते ते विचारायचे, अशी त्याची रीत होती. त्याच्या पहिल्या गिटारीची, म्हणजे टेलिकास्टरची, कड बरगडीला टोचते अशी वादकांची तक्रार आली. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीला त्याने पाठीशी आणि हाताखाली लाकूड छाटून गोलाई दिली. आज सत्तर वर्षांनंतरही ती गिटार त्याच आकारात बनते आहे.

आता या वाद्याची रचना थोडक्यात समजून घेऊ. आपल्या सतारीला भोपळा असतो, त्यात आवाज घुमतो. या गिटारीला भोपळाही नाही आणि पोकळीही नाही. धड म्हणजे लाकडाची भरीव फळी. पोलादी तारांखाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वरची तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते, आणि तीच ध्वनिवर्धकाने मोठी होऊन आपल्या कानांवर येते. वेटोळ्याची तार केसाइतकी बारीक आणि तिचे वेढे सुमारे आठ हजार. फेंडरच्या कारखान्यात १९५६ साली अबिगेल इबारा नावाची बाई कामाला लागली. ती ही वेटोळी गुंडाळण्यात इतकी वाकबगार झाली की, पुढे तिच्या सहीची वेटोळी लोक मुद्दाम मागून घेऊ लागले. ती निवृत्त झाली २०१३ साली!

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारीचे पडदे दांडीत कायमचे ठोकलेले असतात. ते एकदा चुकले की चुकलेच. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची वाजणारी लांबी ६४८ मिलिमीटर असते. तिचा बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर, यावा लागतो. तिथे वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. पहिला पडदा येतो ३६.४ मिलिमीटरवर, आणि पुढचे प्रत्येक अंतर ठरलेल्या प्रमाणात कमी होत जाते. शिक्षक बंधुभगिनींनी एका फळीवर दोन खिळे ठोकून, त्यांत तार ताणून, बरोबर मध्यावर पट्टी धरून हे मुलांना जरूर ऐकवावे. गणित आणि संगीत एकाच तारेवर कसे नांदतात, हे मुलांना लगेच कळेल.

एवढ्याने भागत नाही. लाकूड पुरते सुकलेले नसेल तर दांडी वाकते. एखादा पडदा जरा वर राहिला की तार त्याला घासून किरकिरते. सहा तारांचा ताण मिळून चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जातो. तो पेलण्यासाठी दांडीच्या पोटात लोखंडी सळई घालावी लागते. फेंडरने दांडी धडाला चिकटवली नाही, चार स्क्रूंनी जोडली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा हा विचार: भाग बिघडला तर बदलता आला पाहिजे. मात्र दांडी ज्या खाचेत बसते, ती खाच घट्ट आणि नेमकी हवी.

इथे एक साधा हिशेब करू. समजा, एक गिटार तयार होईपर्यंत तिच्यावर पन्नास कामे होतात, आणि प्रत्येक काम शंभरातून नव्व्याण्णव वेळा बिनचूक होते. तुम्ही म्हणाल, फारच उत्तम! पण पन्नासही कामे बिनचूक उतरलेल्या गिटारी शंभरात किती? सुमारे साठ. उरलेल्या चाळिसांत कुठे ना कुठे खोट राहिलेली असणार. हेच काम हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा बिनचूक झाले, तर निर्दोष गिटारी शंभरात पंच्याण्णव मिळतात. गुणवत्ता नियंत्रण म्हणतात ते हेच. ती दारावरच्या शिपायाने शेवटी करायची तपासणी नव्हे. खाच कापणाऱ्याने आपली खाच पाहायची, दांडी बसवणाऱ्याने ती सैल लागली तर परत पाठवायची, आणि परत आलेल्या मालावर कोणी रागवायचे नाही, असा तो रोजचा शिरस्ता आहे. शिरस्ता जरा ढिला झाला की एका दिवसात काही दिसत नाही. वर्षभराने दिसते, तेही गिऱ्हाइकाला.

फेंडरच्या बाबतीत नेमके असेच घडले. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स ही इंग्रज वादकांची चौकडी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकली, आणि घरोघरची पोरे गिटार मागू लागली. त्या सुमारास लिओ फेंडरची प्रकृती साथ देत नव्हती. १९६५ च्या जानेवारीत त्याची कंपनी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम, म्हणजे सी.बी.एस., या रेडिओ-दूरचित्रवाणीच्या बलाढ्य कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरांना घेतली. बीटल्स झळकले तेही सी.बी.एस.च्याच दूरचित्रवाणीवर.

नव्या मालकांचा हेतू वाईट नव्हता. गिऱ्हाईक दारात उभे होते, माल पाहिजे होता. त्यांनी उत्पादन वाढवले. पण रेडिओचा कार्यक्रम दहा हजार घरांत पोचवला काय किंवा दहा लाख घरांत पोचवला काय, कार्यक्रम तोच राहतो. गिटारीचे तसे नाही. प्रत्येक गिटार पहिल्यापासून नव्याने करावी लागते. हळूहळू लेप जाड झाला, सत्तरच्या दशकात धडे जड येऊ लागली. १९७१ च्या सुमारास स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीचे चार स्क्रू जाऊन तीन आले. ही तीन स्क्रूंची युक्ती मुळात चुकीची नव्हती. तिच्यात दांडीचा कोन कमीजास्त करण्याची सोय होती. पण खाचच सैल कापलेली, मग दांडी डावीउजवीकडे हलायची आणि कडेची तार पडद्यावरून घसरायची. जमाखर्चाच्या वहीत सैल खाचेला रकाना नसतो, त्यामुळे वर बसलेल्यांना ती दिसली नाही. वाजवणाऱ्याच्या बोटांना दिसली.

मग गिऱ्हाइकाने काय केले? एकदम पाठ फिरवली का? नाही. इथेच या गोष्टीचे मर्म आहे. गिऱ्हाईक फेंडरशी निष्ठावंतच राहिले, पण जुन्या फेंडरशी. 'सी.बी.एस.पूर्वीची' असा शब्दच बाजारात रूढ झाला. लोक दांडी सोडवून तिच्या टोकाशी कामगाराने शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीख वाचू लागले. १९७० साली एरिक क्लॅप्टन या विख्यात इंग्रज वादकाने नॅशव्हिल शहरातल्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, आणि त्यांतल्या तिघींचे उत्तम भाग जोडून आपली एक काळी गिटार बनवली. २००४ साली ती लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरांना गेली. क्लॅप्टनच्या नावाची किंमत त्यात आहेच. पण कारखाना चालू असताना नाणावलेला वादक नवी गिटार सोडून पंधरा वर्षांपूर्वीची शोधत जातो, याचा अर्थ कारखानदाराने ओळखायला हवा होता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६९ साली वुडस्टॉकच्या प्रचंड मेळाव्यात जिमी हेंड्रिक्सने जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर वाजवून लोकांना वेड लावले, ती १९६८ ची, म्हणजे सी.बी.एस.च्या काळातलीच होती. तेव्हा त्या काळातला सारा माल टाकाऊ होता असे मुळीच नाही. पण दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. एकदा भरवसा गेला की चांगल्या मालालाही वाईटाचा भोग भोगावा लागतो. ढिलाईची खरी किंमत ही आहे.

आणि मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही. जपानात १९५० साली डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने गुणवत्ता नियंत्रणावर व्याख्याने दिली होती, आणि १९५१ पासून त्याच्या नावाचे पारितोषिकही तिथे सुरू झाले. कामाच्या प्रत्येक पायरीवर मोजमाप ठेवण्याचा विचार तिथल्या कारखानदारीत रुजला होता. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्या अमेरिकन गिटारींच्या नकला करू लागल्या. पहिल्या नकला सुमारच होत्या, पण पुढे त्या इतक्या सुधारल्या की अस्सलाला मागे सारू लागल्या. गिब्सन ही दुसरी थोर अमेरिकन कंपनी. तिच्या मालकांनी १९७७ साली आयबानेझ या जपानी छापाच्या अमेरिकेतील वितरकावर गिटारीच्या माथ्याच्या आकारावरून दावा लावला. पुढे तो आपसात मिटला. आयबानेझने माथ्याचा आकार बदलला आणि स्वतःचे नमुने काढून नाव कमावले. आकाराबद्दल कोर्टात जाता येते हो, पण घट्ट बसलेल्या खाचेबद्दल कोणावर दावा लावणार?

शेवटी सी.बी.एस.ला जाग आली. १९८१ साली विल्यम शुल्झ आणि त्यांचे काही सहकारी फेंडरचा कारभार सुधारण्यासाठी आले. चार स्क्रू परत आले. १९८२ साली कंपनीने आपल्याच १९५७ आणि १९६२ च्या गिटारींच्या आवृत्त्या काढल्या. म्हणजे कारखान्याला स्वतःच्याच जुन्या मालाची नक्कल करावी लागली! त्याच वर्षी फेंडरच्या नावाची गिटार जपानातल्या मात्सुमोतोच्या कारखान्यात बनू लागली. पुढे १९८५ साली शुल्झ आणि सहकाऱ्यांनी ही कंपनीच सी.बी.एस.कडून विकत घेतली, १ कोटी २५ लाख डॉलरांना.

हा आकडा जरा १९६५ च्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. मधल्या वीस वर्षांत अमेरिकेत महागाई तिपटीहून अधिक झाली होती, आणि कंपनीची किंमत मात्र पाच लाखांनी उतरली. त्यातही फुलर्टनचा जुना कारखाना त्या सौद्यात नव्हता. मग त्यांनी घेतले काय? मुख्यतः नाव! त्या नावावर लोकांचा जो जुना जीव उरला होता, तो. जवळच्या कोरोना गावी त्यांनी लहानशा जागेत नवा कारखाना सुरू केला, थोडा माल काढला पण पाहून काढला, आणि १९८७ मध्ये आलेल्या त्यांच्या नव्या स्ट्रॅटोकास्टरला गिऱ्हाइकाने पुन्हा आपले म्हटले. लिओ फेंडर तेव्हा हयात होता. त्याच्या जुन्या गावातच, पण वेगळ्या नावाच्या कंपनीत, तो नवी वाद्ये घडवत होता. १९९१ साली तो वारला.

वाचकहो, आपल्याकडे म्हण आहे, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हणीतल्या सोनुबाईला लोक नुसते हसतात. पण सोनुबाईचे वाळे एके काळी खरोखर सोन्याचे असले, तर लोक हसत नाहीत, हळहळतात, आणि काही दिवस वाटही पाहतात. गिऱ्हाइकाची निष्ठा म्हणतात ती हीच. वाट पाहायला लावण्याचे दिवस मात्र मोजके असतात. फेंडरला ते मिळाले, म्हणून नाव वाचले. सगळ्यांनाच मिळतात असे नाही.

तुमच्या गावात दुधाची सोसायटी असेल, गुळाचे गुऱ्हाळ असेल, बचतगटाचे पापड-लोणचे असेल. नाव झाले की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की पहिली ढिलाई तिथेच होते. अशा वेळी हिशेबाची वही जरूर पाहावी. पण त्याआधी बाजारातल्या त्या माठाची आठवण ठेवावी आणि आपल्या मालाला आपणच एक टिचकी मारून बघावी. गिऱ्हाईक तर ती मारणारच आहे.