टिपूच्या मालिकेतले बासष्ट जण

1990 साली दूरदर्शनवर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ सुरू झाली, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत टीव्ही असलेली घरे मोजकीच होती. ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. भगवान गिडवानी यांच्या कादंबरीवर बेतलेली कथा, नौशादसाहेबांचे संगीत, आणि टिपूच्या भूमिकेत संजय खान. ही कादंबरीवर आधारलेली कल्पित कथा आहे, अशी पाटी मालिकेबरोबर दाखवली जाई. त्या पाटीवरून मोठ्यांमध्ये वाद चालायचे. मुलांचे लक्ष मात्र तलवारीकडे. पडद्यावरचा हा सुलतान वर्षभरापूर्वीच मरता मरता वाचला आहे, हे त्या वयात कुणाला ठाऊक असणार?

मालिकेचा मुक्काम म्हैसूरला होता. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण तिथून अगदी जवळ. 4 मे 1799 रोजी तो लढता लढता जिथे पडला ती जागा, त्याचा दरिया दौलत बाग, आई-वडिलांशेजारी तो जिथे दफन आहे तो गुंबज, सारे त्याच परिसरात. ज्याची भूमिका करायची त्याच्या कबरीपासून काही कोसांवर मेकअप चढवून उभे राहायचे, ही गोष्ट कुठल्याही नटाला आतून हलवणारीच. पण महालाचे आतले प्रसंग खऱ्या महालात होत नव्हते. ते शहरातल्या प्रीमियर स्टुडिओत, उभारलेल्या सेटवर होत.

सेट म्हणजे काय, हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. पडद्यावर जो संगमरवर दिसतो तो प्लायवूड, प्लास्टर आणि रंग असतो. झुंबराखाली कापडाचे पडदे असतात. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून शॉटच्या वेळी दारे बंद. वर मचाणावर मोठमोठे दिवे. दहा किलोवॅटचा एक दिवा म्हणजे घरातल्या दहा इस्त्र्या एकाच वेळी तापत ठेवल्यासारखे. आणि असे दिवे एक-दोन नसतात.

8 फेब्रुवारी 1989 रोजी या स्टुडिओत आग लागली. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून गोणपाट लावलेले होते. वायरिंग सैल होते, हवा खेळायला वाट नव्हती, अशी कारणे नंतर पुढे आली. 62 माणसे गेली. संजय खान 65 टक्के भाजले. तेरा महिने इस्पितळात आणि सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया, एवढे सोसून ते उठले.

नटाची पुंजी म्हणजे त्याचा चेहरा आणि शरीर. ज्याची पुंजीच जळाली त्याने घरी बसायचे ठरवले असते तर कोण दोष देणार होते? ते परतले, पुन्हा टिपूचा पोशाख चढवला आणि मालिका पूर्ण केली. या आगीविषयी ते पुढे अनेकदा बोलले. 2018 साली त्यांचे आत्मचरित्रही आले. आपण मृत्यूशी झुंजत असताना जयपूरच्या हनुमान मंदिरात आपल्यासाठी प्रार्थना झाली होती, हे ते मोकळेपणाने सांगतात. पुढे त्यांनी ‘जय हनुमान’ काढली. त्याआधी महादजी शिंद्यांवर ‘द ग्रेट मराठा’ काढली, आणि महादजी झाला शाहबाज खान, जो टिपूमध्ये हैदर अली होता. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा हा मुलगा. हैदर अलीचा महादजी करणारा निर्माता आणि तो सहज स्वीकारणारा प्रेक्षक, हे दोन्ही आता जरा दुर्मीळच वाटतात.

पण संजय खान यांची कहाणी आपल्याला माहीत आहे, कारण ते नट आहेत. त्या बासष्ट जणांची कहाणी कुणी लिहिली? सेटवर मरतात ती माणसे बहुधा लाइटमन, सुतार, रंगारी, कपडेपटवाले, रोजावर आणलेले ज्युनिअर आर्टिस्ट असतात. शूटिंगला जातो असे सांगून सकाळी घरातून निघालेली, कुणाचा बाप, कुणाचा मुलगा. घरच्यांना हिरोच्या शेजारी उभा राहिल्याचे अप्रूप असते. हिरोने पुस्तक लिहिले, यात त्याचा काही दोष नाही. प्रश्न आपला आहे. ‘टिपू’ म्हटले की आपल्याला तलवार आठवते, शीर्षकाची धून आठवते, आणि हा आकडा मात्र सांगावा लागतो.

आज मालवणी, मुंब्रा, जोगेश्वरी इथली आपली कितीतरी मुले मालिकांच्या सेटवर काम करतात. कुणी दिवे लावतो, कुणी गर्दीत उभा राहतो. रात्री उशिरा घरी आल्यावर आज कोण हिरोईन होती, हे आपण त्यांना हौसेने विचारतो. सेटला दारे किती होती, त्यातले उघडे किती, आणि आग विझवायचे सिलिंडर कुठे टांगले होते, हेही एकदा विचारून पाहावे.