एकाच स्पीकरमधले बीटल्स

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत कॉलेजची दोन मुलं शेजारी बसतात, एका इअरफोनची दोन टोकं वाटून घेतात आणि गाणं लावतात. गाणं अलीकडचं असेल तर दोघांच्याही कानात साधारण सारखंच पडतं. पण बीटल्स या ब्रिटिश बँडच्या १९६३ सालच्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या अल्बमची स्टीरिओ आवृत्ती लावली, तर बडनेरा येण्याआधीच टोकांची अदलाबदल सुरू होईल. एकाच्या कानात नुसती गिटार आणि ड्रम, दुसऱ्याच्या कानात नुसते गळे. पूर्ण गाणं कोणाच्याच वाट्याला येत नाही.

यात फोन बिघडलेला नसतो आणि इअरफोनही. लंडनमधल्या ईएमआयच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्या वेळी बीटल्सचं ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकच्या टेपवर होत असे. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी या अल्बममधली दहा गाणी मुद्रित केली. एका ट्रॅकवर मुख्यतः वाद्यं होती, दुसऱ्यावर गळे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ही विभागणी केली ती पुढे वाद्यं आणि गळे यांचा तोल निवांत बसून साधता यावा आणि दोन्ही मिळून एकच आवाज तयार करता यावा म्हणून. तो एकत्र केलेला आवाज म्हणजे मोनो. गाण्याचं खरं रूप तेच ठरलेलं होतं. स्टीरिओ आवृत्तीत दोन ट्रॅक जवळपास तसेच दोन बाजूंना ठेवले गेले.

हे खरं रूप ‘द बीटल्स इन मोनो’ या संचात परत मिळतं. तो ९ सप्टेंबर २००९ रोजी १३ सीडींच्या पेटीत निघाला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये १४ लाँग प्ले तबकड्यांच्या रूपात पुन्हा आला. जुनं संगीत जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायला इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

वऱ्हाडातल्या वाचकाला मोनो नवा नाही. त्याला त्या नावाने कोणी हाक मारली नाही, एवढंच. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली आणि मीडियम वेव्हवरून घराघरात पोचली, ती रेडिओच्या एका स्पीकरमधून. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला तशीच ऐकली गेली. लग्नाच्या मांडवात बांधलेला भोंगा, यात्रेतला लाउडस्पीकर, पानटपरीवरचा ट्रान्झिस्टर, सगळीकडे आवाज एकाच ठिकाणाहून येणार. साठच्या दशकात ब्रिटनमधल्या तरुणांचीही स्थिती वेगळी नव्हती. त्यांच्याकडे छोटा रेडिओ आणि एका स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर असायचा. बीटल्सने गाणी तयार केली ती या श्रोत्यासाठी.

स्टीरिओत ध्वनिमुद्रकाला डावं-उजवं मिळतं. गिटार इकडे, ड्रम तिकडे, गळा मध्ये, असं मांडलं की प्रत्येक वाद्य आपोआप वेगळं ऐकू येतं. मोनोत ही सोय नसते. सगळं एकाच जागी उभं असतं, म्हणून कोण पुढे आणि कोण मागे हे आवाजाची पातळी, त्याचा पोत आणि घुमारा यांवरूनच ठरवावं लागतं. बास गिटारने ड्रम झाकले तर ते लपवायला जागा नसते. नीट केलेल्या मोनो मिश्रणात म्हणूनच एक घट्टपणा असतो. वाद्यं एकमेकांना बिलगून वाजतात आणि गाणं एका मुठीसारखं समोर येतं.

बीटल्स स्वतः मोनो मिश्रणाच्या वेळी स्टुडिओत बसत. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमच्या मोनो मिश्रणावर त्यांनी फार वेळ घालवला. स्टीरिओचं काम मात्र बहुतांशी मार्टिन आणि ध्वनिमुद्रकांनी, त्या मानाने झटपट उरकलं. एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या अशा स्वतंत्रपणे तयार झाल्या आणि त्यांत चांगलेच फरक पडले.

ते ऐकायला तज्ज्ञ कान लागत नाहीत. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणं मोनोत अधिक वेगाने चालतं आणि सूरही जवळपास अर्ध्या स्वराने वर आहे. स्टीरिओतली रेंगाळणारी उदासी इथे कमी होते आणि घर सोडून निघालेल्या मुलीची लगबग जाणवते. ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ उलट मोनोत संथ आहे आणि गळ्यावर फिरणारी लाट अधिक गडद आहे. १९६८ च्या ‘द बीटल्स’ अल्बममधलं, म्हणजे ‘व्हाइट अल्बम’मधलं, ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत सुमारे साडेतीन मिनिटांत संपतं. स्टीरिओत ते विरतं, पुन्हा उसळतं आणि शेवटी ड्रमवादक रिंगो स्टारची बोटांना फोड आल्याची ओरड ऐकू येते; मोनोत ती ओरडच नाही. ज्यांनी ही गाणी वर्षानुवर्षं स्टीरिओत ऐकली, त्यांना हा संच ओळखीच्या घरात न पाहिलेल्या खोल्या दाखवतो.

रीमास्टर म्हणजे काय, हे इथे स्पष्ट करायला हवं. गाणं नव्याने गाऊन घेणं म्हणजे रीमास्टर नव्हे. वेगवेगळे ट्रॅक काढून नव्याने मिसळणं हेही नव्हे. त्याला रीमिक्स म्हणतात. रीमास्टरमध्ये त्या काळी पक्कं केलेलं मिश्रण मूळ टेपवरून काळजीपूर्वक उतरवून घेतात. टेपवरचे खरखर-टकटक यांसारखे दोष जिथे खटकतात तेवढेच काढतात आणि नव्या माध्यमासाठी प्रत तयार करतात. बीटल्सच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवर अ‍ॅबी रोडमध्ये हे काम चार वर्षं चाललं. अ‍ॅलन राउज यांच्या देखरेखीखाली पॉल हिक्स, शॉन मॅगी, गाय मॅसी, स्टीव्ह रुक अशा ध्वनिमुद्रकांनी ते केलं. आजकाल गाणं मोठं वाटावं म्हणून आवाजाचे चढउतार दाबून पातळी वर ढकलतात. मोनो संचात हे अजिबात केलेलं नाही. ड्रमचा ठोका उठतो आणि पुन्हा बसतो, त्याला मोकळी जागा मिळते. २०१४ च्या तबकड्यांसाठी शॉन मॅगी आणि स्टीव्ह बर्कोविट्झ यांनी तर संगणक पूर्ण बाजूला ठेवला आणि मूळ टेपवरून थेट खाचा कोरल्या.

महाराष्ट्राच्या श्रोत्याने या संचातली ‘मोनो मास्टर्स’ हा भाग आधी काढावा. त्यात अल्बमांबाहेरची गाणी आहेत आणि त्यांत ‘द इनर लाइट’ आहे. या गाण्याचं वाद्यसंगीत मुंबईत, फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्ही स्टुडिओत जानेवारी १९६८ मध्ये मुद्रित झालं. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन तेव्हा मुंबईत आला होता. मुंबईच्या स्टुडिओत फक्त मोनो यंत्र होतं. म्हणून एचएमव्हीचे भास्कर मेनन कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र रेल्वेने घेऊन आले. हेच मेनन पुढे जगभरातल्या ईएमआय म्युझिकचे प्रमुख झाले. वाद्यवृंदात बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. हॅरिसनने लंडनला परतून गळा भरला आणि १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला हे गाणं बाजारात आलं, मोनोतच. स्टीरिओ मिश्रण १९७० साली झालं. या मोनो आवृत्तीत शहनाई, सरोद आणि बासरी एकमेकांच्या अगदी जवळ बसून वाजतात, एखाद्या छोट्या बैठकीतल्यासारख्या.

भारतीय वादकांचा ठसा संचात आणखीही आहे. ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘लव्ह यू टू’वर तबला अनिल भागवत यांचा आहे आणि वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावरचे नटवर सोनी आणि तानपुऱ्यावरचे बुद्धदेव कंसारा यांची नावं मात्र मूळ वेष्टनावर नव्हती. त्यांची ठळक ओळख व्हायला २०१७ साल उजाडलं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या अल्बमांपैकी एकावर वाजवलेल्या माणसांना पन्नास वर्षं थांबावं लागलं, ही गोष्ट बोचते.

संच निर्दोष आहे असं नाही. ‘अ‍ॅबी रोड’ आणि ‘लेट इट बी’ यात नाहीत, कारण तोवर काळ बदलला होता आणि त्यांची वेगळी मोनो मिश्रणं झालीच नाहीत. ‘व्हाइट अल्बम’मधलं ‘रिव्होल्यूशन ९’ हे एका कानातून दुसऱ्या कानात धावणाऱ्या आवाजांवर उभं आहे. मोनोत ते स्टीरिओचीच घडी घातलेली प्रत आहे आणि तिथे स्टीरिओच ऐकावं. ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’च्या सीडींवर १९६५ ची मूळ स्टीरिओ मिश्रणंही दिली आहेत, त्यामुळे दोन्ही रूपं लागोपाठ पडताळता येतात. पेटी महाग आहे, हा सर्वांत मोठा अडसर. नवख्याने सुटी तबकडी मिळाली तर ‘रिव्हॉल्व्हर’पासून सुरुवात करावी.

हा संच ऐकल्यावर मराठी ध्वनिमुद्रणांची आठवण अपरिहार्य होते. त्यांचा केवढा तरी ठेवा मोनोतच आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा, म्हणजे अमरावती-अकोला रस्त्याच्या ऐन मध्यावरचा. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले आणि त्यांचे शब्द लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या गळ्यातून तबकड्यांवर गेले. जुन्या गाण्यांना आपल्या बाजारात मात्र बरेचदा वेगळीच वागणूक मिळाली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यांवर ‘झंकार बीट्स’च्या नावाखाली नवे ठोके चढवले गेले. कृत्रिम घुमारा घालून मोनोला स्टीरिओचा आव आणला गेला. अमेरिकेत कॅपिटल कंपनीने बीटल्सच्या गाण्यांवरही ‘ड्युओफोनिक’ या नावाने तोच प्रयोग केला होता. २००९ च्या संचात असा कसलाही मुलामा नाही.

मराठीत असा पहिला संच कोणाचा काढायचा, याचं उत्तर अवघड नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी बांधलेली ५६ गीतं वर्षाहून थोडा अधिक काळ, दर आठवड्याला एक, अशी प्रसारित झाली. घराघरात आज जी तबकडी, कॅसेट किंवा सीडी आहे, ती एकट्या फडक्यांच्या आवाजातली. मूळ प्रसारणात मात्र माणिक वर्मा, लता मंगेशकर, सुरेश हळदणकर, ललिता फडके, राम फाटक असे वेगवेगळे गळे होते आणि त्यांत मूर्तिजापूरचे वसंतरावही होते. मूळ टेपवरून काढलेला, ठोके किंवा घुमारा न चढवलेला, प्रत्येक गीताखाली गायकाबरोबर तबलजी, बासरीवाला आणि सतारियाचंही नाव छापलेला मोनो संच या प्रसारणाचा निघायला हवा. आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावं आणि अकोल्याच्या श्रोत्याला परवडेल अशा किमतीत ते द्यावं.