रिकामं धरण, आणि ‘धोका’ या शब्दाचा घोळ

सुट्टीत गावी गेले की मामा दरवर्षी विचारतो, “काय चाललंय तुझ्या पीएचडीचं?” गेल्या वेळी मी सांगितलं, पूर अडवणाऱ्या छोट्या मातीच्या धरणांवर काम करतेय, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या. त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. “किती पाणी असतं त्यात?”

“बहुतेक वेळा तळाला थोडंसंच. बाकी धरण रिकामं.”

“मग बांधलं कशाला?”

प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे धरण म्हणजे साठवण: भरलं तर आनंद, रिकामं राहिलं तर चिंता. पूरनियंत्रणाच्या धरणात हिशोब उलटा असतो. तिथे रिकामी जागा हेच भांडवल. आज हे धरण समजून घेऊ आणि मग याच धरणांच्या माहितीवर काम करताना माझी झालेली एक चूक सांगते. संशोधनाच्या तयारीत असाल तर ती चूक जास्त उपयोगी पडेल.

धरण पूर थांबवत नाही, लांबवतं

ओक्लाहोमाच्या पश्चिम भागातून वॉशिटा नदी वाहते. १९३४ च्या एप्रिलमध्ये तिला अचानक मोठा पूर आला आणि हॅमन गावाजवळ १७ माणसं गेली. पुढे १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यात वॉशिटाच्या खोऱ्याचा समावेश झाला. कल्पना अशी की मुख्य नदीवर एकच मोठं धरण बांधण्याऐवजी वरच्या ओढ्यांवर अनेक छोटी मातीची धरणं बांधायची. त्यातलं पहिलं, कॉर्डेल गावाजवळचं, १९४८ मध्ये पूर्ण झालं. आज एकट्या ओक्लाहोमात अशी दोन हजारांहून जास्त धरणं आहेत.

रचना साधी असते. ओढ्याच्या घळीत मातीचा भराव. पाण्याच्या बाजूला काँक्रीटचा एक उभा मनोरा आणि त्याच्या तळातून भरावाखालून पलीकडे जाणारा पाइप. पाणी मनोऱ्याच्या तोंडापर्यंत चढलं की पाइपातून आपोआप बाहेर पडायला लागतं. गेट नाही, ऑपरेटर नाही. मनोऱ्याच्या तोंडाखालची जागा गाळासाठी, वरची पुरासाठी. भरावाच्या एका टोकाला बराच वर गवत वाढवलेला रुंद सांडवा असतो. फार मोठा पूर आला तरच पाणी तिथून जातं.

आता थोडं गणित करू. आकडे सोयीचे घेतलेत, पण पद्धत खरी आहे. पाणलोट १ चौरस किलोमीटर. पाऊस १०० मिलिमीटर. त्यातलं ४० टक्के पाणी वाहून आलं, म्हणजे ४०,००० घनमीटर. ते दोन तासांत आलं तर सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे ५.६ घनमीटर. पाइपातून मात्र सेकंदाला अर्धा घनमीटरच जातो असं धरू. म्हणजे जे पाणी दोन तासांत गावात घुसलं असतं, ते आता साधारण २२ तास शांतपणे वाहत राहतं. पाणी तेवढंच, फक्त त्याचा माथा कापला गेला. आणि पुढचा पाऊस येण्याआधी धरण पुन्हा रिकामं व्हायला हवं, नाहीतर जागाच उरणार नाही. मामाच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

माझी चूक

अमेरिकेत देशभरच्या धरणांची एक सरकारी यादी आहे, कुणालाही डाउनलोड करता येते. त्यात प्रत्येक धरणासमोर ‘हॅझर्ड’ नावाचा रकाना असतो: हाय, सिग्निफिकंट किंवा लो. मी पहिल्या वर्षी काय केलं, तर ‘हाय हॅझर्ड’ म्हणजे खराब अवस्थेतलं धरण असं गृहीत धरलं. त्यावर तीन छान आलेख काढले आणि प्रगती अहवालाच्या बैठकीत आत्मविश्वासाने दाखवले.

समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, “हा रकाना कुणी, काय बघून भरला?”

मला सांगता आलं नाही. मी व्याख्या वाचलीच नव्हती. तीन महिन्यांचं काम त्या एका प्रश्नात गेलं.

व्याख्या अशी आहे. धरण फुटलं *तर* खाली काय होईल, एवढंच तो रकाना सांगतो. माणसं जाण्याची शक्यता असेल तर हाय, मुख्यतः आर्थिक नुकसान असेल तर सिग्निफिकंट, फारसं काही नसेल तर लो. धरण फुटण्याची शक्यता किती, हे त्यात नाही. भरावाची अवस्था कशी, हेही नाही. त्यासाठी वेगळा रकाना आहे. अगदी ठणठणीत धरणही ‘हाय’ असू शकतं, आणि मोडकळीला आलेलं धरण ‘लो’.

धरण तेच, वर्ग बदलला

व्याख्या कळल्यावर खरा विषय सापडला. बांधलं तेव्हा धरणाखाली शेतं होती, म्हणून वर्ग ‘लो’. त्या वर्गाला साजेसा सांडवा बांधला. पुढच्या काही दशकांत खाली घरं झाली, रस्ता झाला. भरावाची एक टोपलीसुद्धा माती हलली नाही, पण वर्ग ‘हाय’ झाला. ‘हाय’ वर्गातल्या धरणाला त्या भागात पडू शकणाऱ्या कमाल पावसाचा पूर सुखरूप वाहून नेता आला पाहिजे, असा नियम. साहजिकच जुना सांडवा अपुरा ठरतो. वर यातली बरीच धरणं ५० वर्षांच्या हिशोबाने बांधलेली, आणि ती मुदत उलटून गेली. म्हणून २००० साली कायद्यात बदल करून त्यांच्या दुरुस्तीसाठी केंद्राकडून पैसे देण्याची सोय करावी लागली.

घरं का झाली? एक कारण धरणच असू शकतं. छोटे पूर येणं थांबलं की जागा सुरक्षित वाटायला लागते. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने शिकागो विद्यापीठातल्या आपल्या पीएचडीच्या प्रबंधात, १९४०च्या दशकात, मांडलं होतं की नुसत्या बांधकामावर विसंबून पुराचं नुकसान कमी होत नाही. जमीन कशी वापरायची, इशारा कसा द्यायचा, हेही बघावं लागतं. पीएचडीचा प्रबंध कपाटातच राहतो असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर द्या.

आपल्याकडे

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं वाहून गेली. ते पूरनियंत्रणाचं धरण नव्हतं, लघुपाटबंधाऱ्याचं होतं. पण मातीचं, छोटं, आणि खाली वस्ती. धरण गळत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्याच्या बातम्या आल्या होत्या. नंतर खेकड्यांमुळे धरण फुटलं, असंही एक विधान गाजलं. प्राण्यांची बिळं मातीच्या भरावाला खरंच घातक असतात, तपासणीच्या पुस्तिकांमध्ये त्यांचा उल्लेख असतो. पण तो असतो तपासणी वेळेवर करावी म्हणून. बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. ते दिसतं, त्यातून पाझर दिसतो, पाझराबरोबर माती येतेय का हेही दिसतं. बघणारा माणूस लागतो.

तुमच्यासाठी

कुठलीही तयार माहिती वापरण्याआधी प्रत्येक रकान्याला तीन प्रश्न विचारा. याची व्याख्या काय? तो कुणी भरला? शेवटचा कधी बदलला? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. दहा वर्षांपूर्वीचा ‘लो’ आजही ‘लो’ असेलच असं नाही.

आणि एक अभ्यास करून बघा. तुमच्या गावाजवळचा एखादा पाझर तलाव निवडा. गूगल अर्थवर त्याची जुनी आणि आजची छायाचित्रं शेजारी ठेवा. भरावाच्या खाली ओढ्याच्या दोन्ही बाजूंना एक-दोन किलोमीटरपर्यंत घरं मोजा, दोन्ही वेळची. मी मामाच्या गावच्या तलावाचं हेच केलं. जुन्या चित्रात ओढ्याकाठी गोठा होता. आता तिथे सात घरं आहेत. त्यातलं एक मामाचं.