घराला रंग आणि मालधक्क्याला काजळी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरी रंगारी येतो. भिंती खरवडल्या जातात, माळ्यावरची पितळी भांडी चिंच लावून घासली जातात, आणि एवढे करूनही कुठे घाण उरली असेल तर ती माझ्याच टेबलावर असणार, अशी सौ.ची ठाम समजूत असते. गेल्या वर्षी ती अगदी खरी ठरली. बाहेर रंगारी जुन्या भिंती नव्या करीत होता आणि आत मी, महाविद्यालयात मराठी शिकवणारा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ, एका कोऱ्या करकरीत इमारतीला काजळी फाशीत बसलो होतो!

इमारत वीतभर लांबीची. छोट्या आगगाडीच्या मांडणीत रुळांच्या कडेला ठेवायचा मालधक्का. हा नाद मला लागला तो पुण्यातच. कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. चिरंजीवांना ते दाखवावे म्हणून गेलो. चिरंजीव अर्ध्या तासाने भूक लागल्याचे सांगू लागले, पण त्यांच्या तीर्थरूपांचा पाय निघेना.

या छंदात जगभर सर्वांत जास्त चालते ते एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण. त्यात सहा फुटी माणूस एकवीस मिलिमीटरचा होतो, आणि युरोप-अमेरिकेतल्या नेहमीच्या रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर भरते. मी मात्र रूळ घेतले नऊ मिलिमीटरचे. त्याला कारण आमचे बाबा.

बाबांनी उमेदीची वर्षे कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज या छोट्या गाडीच्या मार्गावर काढली. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचाच तो भाग. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागून पाहा. जवळजवळ नऊ येतात! पुढे तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि बाबांचे जुने स्टेशन पाडले गेले. आई गेल्यापासून त्यांचे बोलणेही ‘चहा झाला का?’ एवढ्यावर आले होते. दिवसभर दिवाणखान्यातल्या खुर्चीत भिंतीला डोके टेकून बसत. मनात आले, यांना यांचा मालधक्का तरी करून द्यावा.

संच परदेशी होता. भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते हाताने पिळून तोडू नयेत, कडेचा टवका उडतो. बारीक कटरने कापावेत आणि उरलेला खुंट कानशीने घासावा. मग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण साच्यातला तेलकटपणा राहिला तर त्यावर रंग धरत नाही. चिकटवायचा पातळ द्रव ब्रशाने सांध्याला नुसता टेकवायचा; तो आपला आपण फटीत शिरतो आणि प्लॅस्टिक किंचित वितळवून दोन्ही भाग एकजीव करतो. हात सैल सुटला तर भिंतीवर कायमचा ओघळ! कोपरे काटकोनात धरून रात्रभर स्वस्थ ठेवायचे. छप्पर मूळचे कौलारू आणि बर्फ घसरावे म्हणून चांगलेच उतरते होते. आमच्याकडे बर्फ पडतो तो उसाच्या रसात. म्हणून उतार कमी करून मी वर पन्हळी पत्रे बसवले. विटांना विटकरी रंग दिला, तो वाळल्यावर पातळ पांढरा रंग फिरवून ओल्या फडक्याने पुसला. वरचा रंग गेला, सांध्यांतला तेवढा राहिला, आणि भिंतीची दरज न दरज दिसू लागली.

मोठ्या दिमाखात मी ते बाबांपुढे नेऊन ठेवले. त्यांनी चष्मा लावला, चहूबाजूंनी पाहिले आणि म्हणाले, “छान आहे. पण इथे अजून एकही गाडी आलेली नाही.”

खरेच होते ते. इमारत नवी होती, हाच तिचा दोष.

नव्याला जुने करण्याची ही कला या छंदात फार मानाची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे गावी जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते. आपल्या छोट्या रेल्वेला त्यांनी ‘गोर अँड डॅफेटिड’ असे नाव दिले. भरभर म्हटले की इंग्रजीत त्याचा अर्थ ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा ऐकू येतो. गंजलेले पत्रे, काजळलेली एंजिने, विटलेल्या फळ्या यांची गोडी इतरांना लावणाऱ्यांत त्यांचे नाव आधी घेतात. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि थोड्याच दिवसांत आग लागून त्यांची रेल्वेही गेली. राहिली ती छायाचित्रे आणि ती दृष्टी.

दृष्टी मला कुठली? मी काळा-तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवला आणि साऱ्या इमारतीवरून सारखा फिरवला. वाळल्यावर मालधक्का चहात बुडवलेल्या खारीसारखा दिसू लागला.

बाबांनी विचारले, “या भिंतीवर काजळी कशी? एंजिन तर पलीकडे उभं राहायचं.”

“जुनं दिसावं म्हणून—”

“डाग पडायला कारण लागतं रे.”

आणि मग ते बोलू लागले. एंजिन थांबे तिथल्या वळचणीला खालून काजळी धरे, बाकी छप्पर धुळीने नुसते भुरकट. पावसात पागोळ्या पडून खालची माती उडे, म्हणून भिंतीचा तळ गुडघाभर मातकट. पत्र्याला गंज खिळ्यांपाशी आधी, आणि तिथून ओघळ सरळ खाली. हमाल पाठीवर पोते घेऊन दार पायाने ढकलीत, म्हणून दाराचा रंग गेलेला तो खालच्या अंगाला. चौकटीची एक कड पोती घासून गुळगुळीत. गुळाच्या ढेपा उतरत तिथली फरशी काळी. आणि वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या, त्यांच्यामागची भिंत मात्र कोरी!

चार संध्याकाळी आम्ही दोघे टेबलाशी बसलो. खडू किसून त्याची पूड मऊ ब्रशाने लावली. ओघळ काढताना ब्रश नेहमी वरून खाली, पाणी वाहते तसा. कोरड्या ब्रशाने दाराच्या खालच्या कडेवर लाकडाचा फिका रंग नुसता घासला. शेवटी चकाकी नसलेले व्हार्निश हलकेच फवारले. त्याने पूड थोडी फिकी पडते, म्हणून आधीच दोन बोटे जास्त लावावी लागते. मधूनच बाबा आषाढीच्या गर्दीचे सांगत, एखाद्या हमालाचे नाव आठवून हसत. सौ. रंगाऱ्याला चहा देऊन आली की दारात क्षणभर थांबे. घाणीबद्दल त्या चार दिवसांत ती चकार शब्द बोलली नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग झाल्यावर बाबांनी मालधक्का उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “हं. आता पार्सल सोडवायला हरकत नाही.”

यंदाही रंगारी आला. खुर्चीमागच्या भिंतीवर बाबांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पुन्हा पडलेला होता. गेल्या वर्षी सौ.ने तो आधी खरवडून घेतला होता. रंगाऱ्याने पत्री उचलली तेव्हा मी तिच्याकडे पाहिले.

“ती भिंत राहू द्या यंदा,” सौ. म्हणाली आणि चिंच भिजवायला आत गेली.