फुरसतीच्या वेळचीं हत्यारें

धाराशिव जिल्ह्यांतील येडशी गांवावरून बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग एकेकाळीं लातुरास जात असे. आज तेथें रुंदमापी गाडी धावते. एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून रेल्वेनें पूर्वींच एक साधी युक्ति योजिली. दोन स्थानकांमधील मार्गासाठीं एका वेळीं एकच टोकन बाहेर निघतें; तें हातीं आल्यावांचून चालकानें गाडी हांकावयाची नाहीं, आणि तें यंत्रांत परत पडल्यावांचून दुसरें निघत नाहीं. येथें सुरक्षितता केवळ चालकाच्या सावधपणावर सोडलेली नसून योजनेंतच गोंविलेली आहे. रस्ट नामक संगणकभाषेचें मर्म हेंच होय.

संगणकाच्या स्मृतींत एकच माहिती आज्ञावलीचे अनेक भाग वापरीत असतात. एक भाग ती वाचीत असतां दुसऱ्यानें ती बदलली, किंवा मोकळी केलेली जागा कोणीं पुन्हां आपली समजून वापरली, तर अनर्थ ओढवतो. मायक्रोसॉफ्टनें २०१९ सालीं सांगितल्याप्रमाणें तिच्या सॉफ्टवेअरमधील सुरक्षेच्या उणिवांपैकीं शेंकडा सुमारें ७० उणिवा स्मृतीच्या अशा गैरवापरांतून उद्भवत होत्या. रस्टमध्यें प्रत्येक माहितीला सामान्यतः एकच धनी असतो. वाचण्यासाठीं ती अनेकांस उसनी देतां येते. बदलण्यासाठीं मात्र एका वेळीं एकासच, आणि तोंवर इतरांनीं ती वाचावयाचीहि नाहीं. हा नियम मोडल्यास कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेंत उतरविणारी आज्ञावली, काम पुढें जाऊंच देत नाहीं. अपघात गाडी सुटण्यापूर्वींच टळतो.

नवलाची गोष्ट अशी कीं ही भाषा जन्मली ती फावल्या वेळांत. मोझिलामधील अभियंते ग्रेडन होर यांनीं २००६ सालीं ती स्वतःच्या हौसेखातर आरंभिली. पुढें मोझिलानें तिला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजीं तिची पहिली स्थिर आवृत्ति निघाली. तिच्या हत्यारांची कथाहि अशीच आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें पदार्थविज्ञान शिकलेले मनीष गोरेगावकर यांनीं २०१४ सालीं ‘क्लिपी’ नांवाच्या तपासनिसाचा पाया घातला. कंपायलर नियमभंग पकडतो. क्लिपी नियमांत बसणारें परंतु गबाळें लिखाण दाखवितो. यादी रिकामी आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं कोणीं तिची लांबी शून्याशीं ताडून पाहिली, तर ‘रिकामी आहे काय, असेंच विचारा’ अशी सूचना तो करतो. असे त्याचे नियम आज सातशेंहून अधिक आहेत. आणि अनेकांच्या हातभारानें वाढलेला हा तपासनीस आतां रस्ट प्रकल्पाचाच अधिकृत भाग झाला आहे.

अशीं हत्यारें मुक्तस्रोत असतात. त्यांचें अंतरंग कोणींहि पाहावें, सुधारावें, वांटावें. परंतु फुकट मिळणारी वस्तु फुकट निपजत नाहीं. तिची किंमत कोणाच्या तरी रात्रीच्या झोपेंतून वळती होते. ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीचा भार मुख्यतः एकाच मनुष्यावर होता. मदतनीस म्हणून आलेल्या कोणा अज्ञातानें त्याचा विश्वास संपादून तींत चोरदरवाजा बसविला. २०२४ च्या मार्चमध्यें अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास नित्याच्या कामीं सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून तें कारस्थान उघडकीस आलें. हें संकट रस्टलाहि टाळतां आलें नसतें. कारण येथें बिघाड स्मृतीचा नव्हता, थकलेल्या माणसाच्या एकटेपणाचा होता.

टोकन गाडीला सांभाळतें; टोकन देणाऱ्या स्टेशनमास्तराच्या विश्रांतीची काळजी मात्र दुसऱ्या कोणास तरी वाहावी लागते. येडशीसारख्या गांवच्या मुलालाहि संगणक आणि चिकाटी यांच्या बळावर या कामांत आज शिरतां येतें. नवें हत्यार घडविणें गौरवाचें खरेंच. पण दुसऱ्यानें घडविलेल्या हत्याराची एखादी चूक दुरुस्त करून त्याचा भार हलका करणें, हेंहि तितकेंच मोलाचें आहे.