पहिला रुपया कोणी घालावयाचा?

वैशाखात व्याख्यानास येणारा श्रोता मंडपात शिरताच वक्त्याकडे पाहत नाही. तो पंख्याकडे पाहतो. पंख्याखालची खुर्ची मिळाली म्हणजे मग तो ज्ञान ग्रहण करावयास मोकळा होतो. तेव्हा आम्हीही आजच्या विषयास पंख्यापासूनच आरंभ करतो.

नेहमीचा छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरताना सुमारे ७५ वॅट वीज घेतो. दुकानदार ज्यास ‘बीएलडीसी’ म्हणतात तो नव्या मोटारीचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. रोज १२ तास याप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस पंखा चालला, तर फरक १६२ युनिटांचा पडतो. युनिटास सात रुपये धरले तर वर्षाला अकराशेंहून अधिक रुपये वाचतात. नवा पंखा जुन्यापेक्षा हजार-दीड हजारांनी महाग असला, तरी दीड वर्षाच्या आत तो फरक भरून निघतो.

मग हा पंखा घरोघर का नाही? लोकांस हिशेब कळत नाही, असे विद्वान म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. महिनाअखेरीस ज्याच्या हाती दोनशे रुपये उरतात, त्यास हिशेब तुमच्याआमच्यापेक्षा चांगला कळतो. त्याची अडचण एवढीच की, बचत दीड वर्षाने पुरी होणार आणि दीड हजार रुपये मात्र आज द्यावयाचे. म्हणून तो स्वस्त पंखा घेतो आणि पुढे दहा वर्षे महाग बिल भरतो.

येथे सरकारने का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे : घरात वाचलेले एक युनिट वीजकेंद्रात एकाहून अधिक युनिटे वाचविते, कारण तारांतून येताना काही वीज वाटेतच जाते. सायंकाळी सर्वांचे दिवे-पंखे एकदम लागतात. त्या दोन-चार तासांच्या गरजेसाठी नवे केंद्र उभारण्यापेक्षा ती गरजच कमी करणे पुष्कळदा स्वस्त पडते. म्हणून सरकार सूट देते तेव्हा ते दान करीत नाही. स्वस्तातली वीज खरेदी करते. प्रश्न फक्त ती सूट कोणत्या वाटेने द्यावी हा आहे, आणि सारी मेख तेथेच आहे.

पहिली वाट करातील सवलतीची. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने घराच्या भिंती-छपरांचे उष्णतारोधन, नव्या खिडक्या, उष्णता-पंप यांच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम प्राप्तिकरातून वजा करून मिळे. मर्यादा वर्षाला ३,२०० डॉलर. २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने ही सवलत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपविली. तिचा दोष उघड होता. ज्यास कर भरावा लागतो त्यासच ती उपयोगी. आणि आधी सारा खर्च स्वतःच्या खिशातून करावयाचा, सवलत मागाहून. जो गरीब कर भरण्याइतके कमवीतच नाही, त्यास ती केवळ वाचावयास मिळाली.

हा दोष त्याच २०२२ च्या कायद्याने दुसऱ्या कलमात ओळखला होता. त्यात राज्यांमार्फत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांस खरेदीच्या वेळीच किंमत कमी करून देण्याची योजना होती. ज्यांचे उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून कमी, त्यांस ठरीव मर्यादेपर्यंत सारा खर्च. त्यावरच्यांस, दीडपटीपर्यंत, निम्मा.

आपल्याकडे निराळीच वाट काढली गेली. ५ जानेवारी २०१५ रोजी एलईडी दिव्यांची जी योजना देशभर सुरू झाली आणि पुढे ‘उजाला’ नावाने ओळखली गेली, तिच्यात सरकारी तिजोरीतून किमतीत अनुदान नव्हते. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची मागणी एकवट करून कारखानदारांकडून निविदा मागविल्या. २०१४ च्या आरंभी एका दिव्याचा खरेदीभाव सुमारे ३१० रुपये होता. तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. शिवाय अनेक ठिकाणी ग्राहकास दहा रुपये देऊन दिवा घरी नेता येई. उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्यांनी वळती होई. ६० वॅटचा पिवळा दिवा काढून तेथे ९ वॅटचा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिटे वाचतात. हप्ता दिव्याच्या बचतीतूनच फिटला. पहिला रुपया कोणी घालावयाचा, या प्रश्नाचे इतके सुटसुटीत उत्तर आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळले.

तथापि पैसा ओतला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. २००९ मध्ये तेथील सरकारने छपराखाली उष्णतारोधक थर घालण्यासाठी दर घरामागे १,६०० डॉलरपर्यंत देऊ केले. मंदीत लोकांस काम मिळावे, ही घाई त्यामागे होती. अननुभवी ठेकेदारांची रांग लागली. देखरेख तोकडी पडली. छपराच्या पोकळीत काम करणारे चार तरुण कामगार प्राणांस मुकले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली. सवलतीच्या रकमेत तपासनिसाचा पगार धरलेला नसेल, तर त्याची किंमत दुसराच कोणी भरतो.

आणखी एक गाठ कोणत्याच योजनेने नीट सोडविलेली नाही. घर मालकाचे, बिल भाडेकरूचे. छतास उष्णतारोधक लेप देण्याचा खर्च मालकाने करावयाचा आणि गारवा व बचत भाडेकरूस मिळावयाची. मग मालक कशास हात घालील? आणि भाडेकरूने खर्च करावा, तर अकरा महिन्यांचा करार संपला की त्यास बिऱ्हाड हलवावे लागते! आमच्या मते येथेही हप्ता बिलावरच बसवावा आणि तो माणसास न चिकटता मीटरास चिकटावा. जो त्या घरात राहील, गारवा भोगील, तोच हप्ता भरील.

तेव्हा पुढे अशी एखादी योजना जाहीर झाली, तर आकडा किती मोठा आहे हे आधी पाहू नये. तीन प्रश्न विचारावेत : पहिला रुपया कोण घालणार? काम कोण तपासणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यास त्यातून काय मिळणार? या तिन्हींची उत्तरे असतील, तर सवलत लहान असली तरी ती घरोघर पोहोचेल. नसतील, तर ज्यांच्या घरी आधीच गारवा आहे त्यांस ती आणखी थोडा गारवा देईल, आणि ज्यास वारा हवा तो पूर्वीसारखाच जुन्या पंख्याखाली घाम पुशीत राहील.