पाव किलोचा ड्रोन आणि खानदेशचा वारा

धुळ्याहून साक्रीकडे गेलात, तर ब्राह्मणवेल, छडवेल या भागातल्या माळांवर पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा दिसतात. पांढरे, उंच मनोरे आणि त्यांवर सावकाश फिरणारी तीन-तीन पाती. राज्यातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांमध्ये या परिसराची गणना होते. एवढा खर्च करून कंपन्या याच माळांवर का आल्या असतील? कारण इथे वारा आहे! सह्याद्रीची रांग या बाजूला उत्तरेकडे संपत येते, पलीकडे तापीचं खोरं पश्चिमेला समुद्राकडे उघडतं. मे महिन्यापासून अरबी समुद्रावरून येणारा वारा या उंच, उघड्या माळांवरून जोरात वाहतो आणि तो पार सप्टेंबरपर्यंत टिकतो.

आता याच माळावर तुमच्या दादाने किंवा ताईने एक छोटा ड्रोन आणला आहे अशी कल्पना करा. घडी घातली की तळहातावर मावणारा. वजन २४९ ग्रॅम, म्हणजे पाव किलोलाही एक ग्रॅम कमी. हे वजन मुद्दाम ठरवलेलं असतं. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ गटात येतात आणि ते उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून कंपन्या एक-एक ग्रॅम वाचवत हे ड्रोन बनवतात. पण वाऱ्याला नियमांशी काय देणंघेणं! त्याच्यासमोर हा पाव किलोचा जीव टिकतो कसा?

टिकतो, हे खरंच आहे. चांगल्या वाऱ्यातही असा ड्रोन हवेत एका जागी खिळल्यासारखा उभा दिसतो. मला या यंत्रातली सगळ्यांत नवलाची गोष्ट हीच वाटते. कारण त्या क्षणी तो मुळीच उभा नसतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जोरात उडत असतो! वारा ताशी २० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे ढकलतोय आणि ड्रोन तेवढ्याच वेगाने पश्चिमेकडे निघालाय. दोन्ही वेग एकमेकांना खाऊन टाकतात आणि खालून बघणाऱ्या आपल्याला वाटतं, की तो थांबलाय.

नीट निरखून पाहिलंत तर त्याची चोरी पकडता येते. वारा नसताना ड्रोन आडवा, सपाट असतो. वारा सुटला, की तो जिकडून वारा येतो तिकडे कलतो. समोरून वारा आला, तर मागच्या दोन मोटरी जोरात फिरतात, पुढच्या दोन जरा हळू. मागची बाजू उचलली जाते, नाक खाली जातं. आता पंखे हवा फक्त खाली ढकलत नाहीत, थोडी मागेही ढकलतात आणि ड्रोनला पुढे जाण्याचा जोर मिळतो. वारा जेवढा जास्त, तेवढा कल जास्त.

पण हे कल देण्याचं काम कोण करतं? खाली रिमोट धरलेल्या माणसाची बोटं इतकी चपळ नसतात. ड्रोनच्या पोटात नखाएवढ्या चकत्या असतात. एक गोल फिरण्याचा वेग ओळखते (जायरोस्कोप), दुसरी धक्का आणि कल ओळखते, तिसरी हवेच्या दाबावरून उंची सांगते. त्यांच्याकडून येणारी माहिती बघून आतला छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचा वेग बदलत राहतो. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत त्याने हे काम कितीतरी वेळा केलेलं असतं.

तरीही एक अडचण उरते. आपण जमिनीच्या मानाने सरकतोय, हे ड्रोनला कळणार कसं? गरम हवेच्या मोठ्या फुग्यातून प्रवास करणाऱ्या माणसांना वारा जवळजवळ लागतच नाही, हे माहीत आहे का तुम्हाला? फुगा वाऱ्याबरोबरच चाललेला असतो, त्यामुळे फुग्यातल्या माणसाच्या भोवतीची हवा शांत असते. ड्रोनचंही तसंच आहे. त्याला नुसतं सपाट राहायला सांगितलं, तर तो वाऱ्याबरोबर निमूट वाहत जाईल आणि आतल्या चकत्यांना त्यात काहीच बिघडलेलं दिसणार नाही. म्हणून त्याला बाहेरची खूण लागते. ती खूण असते हजारो किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कळतं आणि जागा सुटली की तो परत यायला धडपडतो. जमिनीजवळ असताना पोटाखालचा कॅमेराही मदत करतो. तो खालच्या मातीचे, गवताचे, दगडांचे ठिपके लक्षात ठेवतो आणि ते सरकले की ओळखतो, आपण सरकलो. मात्र शेततळ्यावर हा कॅमेरा फसतो. पाण्यावरच्या लाटा सरकतात आणि त्याला वाटतं, आपणच चाललोय! म्हणून वाऱ्यात पाण्याच्या अगदी जवळून ड्रोन नेऊ नये.

आता थोडं गणित. घाबरू नका, मजेचं आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट वेगाला नऊपट रेटा! ताशी १० किलोमीटरचा वारा नॅनो ड्रोनला जाणवतही नाही, पण ३० चा वारा त्याच्यावर नऊपट जोराने आदळतो. त्यातून तो लहान. एखादी वस्तू तिन्ही बाजूंनी दुप्पट मोठी केली, तर वाऱ्याला सापडणारी तिची बाजू चौपट होते, वजन मात्र आठपट होतं. म्हणजे मोठ्या वस्तूकडे वाऱ्याशी झुंजायला वजन जास्त, लहान वस्तूकडे कमी. शेतात फवारणी करणारा मोठा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. दहा लिटरची टाकी भरल्यावर त्याचं वजन साधारण २५ किलो भरतं. नॅनो ड्रोनला हलवून सोडणाऱ्या झुळकेने तो फारसा डगमगत नाही. पण त्याची पंचाईत वेगळीच आहे. तो जागेवर राहतो, त्याने उडवलेले औषधाचे बारीक थेंब मात्र वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातात. म्हणून फवारणीलाही वारा पडलेली वेळच लागते.

नॅनो गटातल्या चांगल्या कॅमेरा ड्रोनना साधारण ताशी ३० ते ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा झेपतो. खेळण्यातल्या ड्रोनना त्याहून पुष्कळ कमी. आता हे साक्रीच्या पवनचक्कीशी ताडून बघा. पवनचक्की साधारण ताशी १२ किलोमीटरच्या वाऱ्यात वीज द्यायला लागते आणि पूर्ण ताकदीने वीज द्यायला तिला चाळिशीच्या वरचा वारा हवा असतो. म्हणजे ज्या वाऱ्यात पवनचक्की रंगात येते, त्या वाऱ्यात छोट्या ड्रोनने पिशवीतच राहावं. शिवाय फिरत्या पात्यांमधून बाहेर पडलेली हवा घुसळलेली असते. वीज काढण्यासाठी जी जागा अगदी योग्य, ती पाव किलोच्या ड्रोनसाठी अगदी वाईट!

‘पण खाली तर वारा नाहीये!’ असं कुणी म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. जमिनीजवळ झाडं, घरं, बांध, गवत वाऱ्याला अडवतात. उंच गेलं की अडवणारं कुणी नाही. उघड्या माळावर आपल्या डोक्याएवढ्या उंचीला ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल, तर ८० मीटरवर तो सहज २५ च्या आसपास असू शकतो. पवनचक्क्या उंच मनोऱ्यावर बसवतात, त्या याचसाठी. हवामान खात्याने सांगितलेला वेगही जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, हे लक्षात ठेवा.

आडोशाचा वारा तर याहून फसवा. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा पाहा. कडेला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावलेली असते. जोराच्या वाऱ्याने केळी आडवी होऊ नये, म्हणून शेतकऱ्याने उभी केलेली ती भिंतच. तिच्या आडोशाला उभं राहिलं, की सगळं शांत. तिथून ड्रोन वर सोडला आणि ओळीच्या शेंड्यापलीकडे गेला, की एकदम धक्का! आणि शेंड्यावरून खाली उतरणारा वारा सरळ नसतो, भोवरे घेत येतो. सरळ वाऱ्याशी ड्रोनचं जुळतं, एकदा कललं की झालं. भोवऱ्याच्या वाऱ्यात त्याला क्षणाक्षणाला कल बदलावा लागतो.

केळीच्या पानाने या सगळ्यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. वाऱ्यात ते शिरांच्या रेषेने फाटतं आणि त्याच्या पट्ट्या होतात. पट्ट्यांमधून वारा निघून जातो, पानावरचा रेटा कमी होतो आणि झाड वाचायला मदत होते. ड्रोनला असं फाटता येत नाही. त्याला सगळी लढाई बॅटरीच्या जोरावर करावी लागते.

त्या बॅटरीचंही ऐका. ड्रोन ३० अंश कलला, तर नुसती उंची टिकवायला त्याला सुमारे १५ टक्के जास्त जोर लावावा लागतो. मग बॅटरी भराभर उतरते. आता समजा, ड्रोनचा सगळ्यांत जास्त वेग ताशी ३६ किलोमीटर आहे आणि वारा आहे २५ चा. वाऱ्याच्या पाठीवर बसून तो एक किलोमीटर लांब गेला. वेग किती? ३६ अधिक २५, म्हणजे ६१. एका मिनिटात पोचला! परत येताना? ३६ वजा २५, फक्त ११. तेच अंतर यायला साडेपाच मिनिटं. जाताना ‘काय पळतोय!’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा ड्रोन येताना वाटेतच कुणाच्या तरी कपाशीत उतरतो. म्हणून जाणते लोक आधी वाऱ्याच्या तोंडावर जातात, कष्टाची वाट बॅटरी भरलेली असताना संपवतात आणि येताना वाऱ्याची मदत घेतात.

आणखी एक. बऱ्याच ड्रोनना ‘घरी परत ये’ असं सांगणारं बटण असतं. ते दाबलं, की ड्रोन अडथळे टाळण्यासाठी आधी उंच चढतो आणि मग परत निघतो. पण वर तर वारा जास्त! जोराच्या वाऱ्यात खाली मोकळं रान असेल, तर ड्रोन हाताने कमी उंचीवर आणून सावकाश परत घ्यावा.

खानदेशात वाऱ्याला आणखी एक जोडीदार आहे, ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो. छोट्या ड्रोनच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, की ४० अंशांपर्यंतच वापरा. म्हणजे मे महिन्यातली दुपार आधीच बाद! तापलेली हवा विरळही होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. पंख्यांना ढकलायला हवाच कमी मिळते, म्हणून त्यांना जास्त वेगाने फिरावं लागतं. (मंगळावर तर हवा पृथ्वीच्या साधारण एक टक्काच दाट आहे. तिथे नासाच्या ‘इन्जेन्युइटी’ नावाच्या पावणेदोन किलोच्या हेलिकॉप्टरने २०२१ ते २०२४ मध्ये ७२ उड्डाणं केली. त्याची पाती मिनिटाला सुमारे २४०० वेळा फिरत!) शिवाय दुपारी तापलेल्या वावरातून गरम हवा उसळते, मध्येच वावटळ उठते, धूळ आणि पाचोळा गरगर वर जातो. वावटळ दिसली, की ड्रोन खाली घ्यायचा. पहाटे मात्र जमीन थंड असते, उसळी नसते, वारा बहुतेक वेळा पडलेला असतो. खानदेशात ड्रोन उडवायला सूर्योदयानंतरचा पहिला तास सगळ्यांत चांगला.

नियमही ऐकून ठेवा. मोकळीक असलेल्या भागातही १२० मीटरच्या वर जायचं नाही आणि ड्रोन डोळ्यांना दिसेल इतकाच लांब न्यायचा. चालू विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी लागते. जळगावचा विमानतळ शहराजवळच आहे, त्यामुळे तिथल्या मुलांनी मोठ्यांना ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी नकाशा आधी बघायला सांगावं. शिरपूरजवळच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात, धुळ्याजवळ गोंदूरलाही धावपट्टी आहे. त्या बाजूलाही हीच काळजी घ्या. आणि पवनचक्क्यांपासून लांब राहायचं, हे आता वेगळं सांगायला नकोच.

ड्रोन नसला, तरी वारा वाचायला कुणाचीच हरकत नाही. फ्रान्सिस बोफर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरतात. कडुनिंबाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, लहान फांद्या हलल्या, तर २० ते २८. लहान झाडं डोलायला लागली, तर २९ ते ३८. आजपासून आठवडाभर सकाळी सातला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला अंगणातलं एकच झाड बघा आणि वारा किती ते वहीत लिहा. वही विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. तुमच्या गावात छोटा ड्रोन कधी उडवावा आणि कधी नाही, हे त्या वहीवरून तुम्हीच त्यांना सांगू शकाल.